पाच डॉलरचं तिकीट

मला एका रॉक बँडच्या संगीताबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात तिकिटापासून करतो. वॉशिंग्टन डी.सी.चा फुगाझी हा बँड १९८७ ते २००२ या काळात हजाराहून जास्त वेळा मंचावर उभा राहिला आणि त्यातल्या बहुतेक कार्यक्रमांचं तिकीट पाच डॉलर होतं. या बँडचं नाव निघालं की लोक त्यांच्या तत्त्वांबद्दल आदराने बोलतात आणि संगीत बाजूला राहतं. माझं म्हणणं असं आहे की ते पाच डॉलर त्यांच्या आवाजातच मुरलेले आहेत. तिकीट महाग असतं, तर ही गाणी अशी वाजलीच नसती.

वॉशिंग्टन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे व्हाइट हाउस येतं. दर निवडणुकीनंतर माणसं येतात आणि जातात. पण त्याच शहरात जन्मलेली, तिथल्याच शाळांत शिकलेली मुलंही असतात, आणि त्यांच्यासाठी तिथे कुणी काही मांडून ठेवलेलं नव्हतं. जॉर्जटाउन विद्यापीठाचं डब्ल्यूजीटीबी नावाचं एक रेडिओ केंद्र होतं. इतरत्र कुठेही न वाजणारं संगीत तिथे वाजायचं. १९७९च्या जानेवारीत विद्यापीठाने ते बंद केलं आणि त्याची प्रसारणाची फ्रिक्वेन्सी दुसऱ्या विद्यापीठाला एका डॉलरला देऊन टाकली. त्या केंद्राच्या मदतीसाठी पुढच्याच महिन्यात द क्रॅम्प्स या बँडचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांत इयन मकाय नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता, पुढे फुगाझीत गिटार वाजवणारा आणि गाणारा. पंक म्हणजे वेगवान, रांगडं रॉक संगीत, आणि त्याने ऐकलेला तो पहिला पंक कार्यक्रम. एक रेडिओ केंद्र बंद पडलं आणि त्या निमित्ताने जमलेल्या गर्दीतून पुढची वीस वर्षं उभी राहिली, असं मला नेहमी वाटतं.

त्या मुलांसमोर गावातलाच एक जबरदस्त नमुना होता, बॅड ब्रेन्स. चार कृष्णवर्णीय तरुण, मुळात जॅझ फ्यूजन वाजवणारे, बोटांत तयारी असलेले. ते पंककडे वळले आणि इतक्या वेगाने वाजवू लागले की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. मधेच थांबून जमैकाचं रेगे संगीत वाजवायचे, सावकाश, ऐसपैस. तयारी असलेल्या माणसाने वेग पकडला की काय होतं आणि तोच माणूस वेग सोडतो तेव्हा काय होतं, हे दोन्ही या मुलांनी एकाच बँडमध्ये पाहिलं.

आणि गो-गो. हे संगीत वॉशिंग्टनबाहेर फार गेलं नाही, म्हणून थोडं सांगतो. चक ब्राउन हा त्याचा जनक मानला जातो. गाणं संपलं तरी ताल थांबवायचा नाही, हे त्याचं सूत्र. कोंगा, ड्रम, काउबेल चालूच, आणि त्याच ठेक्यावर पुढचं गाणं चढवायचं. आपल्या विसर्जन मिरवणुकीतली बेंजो पार्टी आठवा. गाणं बदलतं, ठेका तुटत नाही, आणि नाचणाऱ्याला थांबायला कारणच मिळत नाही. मकायचा आधीचा बँड मायनर थ्रेट १९८३ साली ट्रबल फंक या गो-गो बँडसोबत एकाच मंचावर वाजला होता. फुगाझीचे ड्रम ऐकताना हे शहर ऐकू येतं. त्यांचा ड्रमवादक ब्रेंडन कॅन्टी याने तर ड्रमच्या जोडीला एक मोठी घंटा टांगलेली असायची. तिचा टोल पडला की गाण्याची खोलीच मोठी झाल्यासारखी वाटते.

आता पैशांकडे येतो. मकाय आणि जेफ नेल्सन यांचा शाळकरी वयातला बँड होता टीन आयडल्स. कार्यक्रमाचे जे काही थोडे डॉलर मिळायचे, ते कुणीही खिशात घालायचं नाही, सिगारच्या एका खोक्यात टाकायचे, असा त्यांचा नेम होता. १९८०मध्ये बँड मोडला तेव्हा खोक्यात सहाशेच्या आसपास डॉलर निघाले. वाटून घ्यावेत की रेकॉर्ड काढावी? रेकॉर्ड काढायची ठरलं. डिस्कॉर्ड रेकॉर्ड्सचा जन्म तो. वेष्टणं छापून आणली, मग घरी बसून कात्रीने कापली, दुमडली, डिंकाने चिकटवली. पहिल्या हजार प्रती अशा एकेक करून तयार झाल्या. त्या वेष्टणावर दोन हातांचं छायाचित्र आहे, मनगटाजवळ एकमेकांवर ठेवलेले हात, आणि पंजांच्या मागच्या बाजूला काळ्या शाईच्या फुल्या. वय कमी म्हणून क्लबवाले या मुलांना आत घेत नसत. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी एक तोड पाहिली होती: हातावर फुली मारायची, म्हणजे बारवाल्याला कळतं की याला दारू द्यायची नाही. ती तोड त्यांनी आपल्या गावी आणली. आम्हाला दारू नको, गाणी ऐकू द्या, एवढंच मागणं होतं. पुढे त्या फुलीची जगभर चळवळ झाली, पण मला तिच्यातलं ते मूळ मागणं जास्त मोलाचं वाटतं.

१९८५पर्यंत वॉशिंग्टनच्या पंक कार्यक्रमांत मारामाऱ्या इतक्या वाढल्या होत्या, की जुनी मंडळीच यायची बंद झाली. त्या उन्हाळ्यात काही नवे बँड एकत्र आले. राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यांतला सगळ्यात हळवा आणि सगळ्यात कडाडणारा. त्यात गी पिचोटो गायचा आणि कॅन्टी ड्रम वाजवायचा. मकाय आणि बेसवादक जो लॅली यांना हे दोघे येऊन मिळाले, तो फुगाझी. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ रोजी झाला. पिचोटो आधी नुसता दुसरा आवाज म्हणून उभा राहायचा, हिप-हॉपमध्ये मुख्य गायकाला टोकणारा साथीदार असतो तसा. गिटार त्याने नंतर हातात घेतली.

‘वेटिंग रूम’ हे त्यांचं गाणं मी पहिल्यांदा पुण्यात हॉस्टेलवर ऐकलं, १९९८ साली, कुणीतरी भरून आणलेल्या कॅसेटवर. आधी बेस येतो, एकटा. लॅलीची ती चाल इतकी साधी आहे की नवशिकाही दोन दिवसांत बसवेल, पण ती झुलते, रेगेच्या वळणाची आहे. मग ड्रम आणि गिटार येऊन मिळतात. आता गाणं सुटलं असं वाटतं न वाटतं तोच सगळे थांबतात. शून्य आवाज. आम्हाला वाटलं, टेप गुंडाळली. माझा मित्र पेन्सिल शोधायला उठला, आणि तो डेकपाशी पोहोचेपर्यंत बेस पुन्हा सुरू झाला. आमच्यात एक जण तबला शिकत होता. तो म्हणाला, अरे, हे मोजतायत. त्या शांततेत चौघेही मनातल्या मनात ताल धरून बसले आहेत, हे त्याने आम्हाला दाखवलं. त्या दिवसापासून मी हा बँड त्याच्या मोकळ्या जागांसाठी ऐकतो. मकायच्या गिटारचा आवाज जाड, थेट अँपमधून येणारा, मधे आवाज बदलणारं पेडल नाही. पिचोटोची गिटार बारीक, धारदार. दोघे एकमेकांच्या अंगावर वाजवत नाहीत, एकाने सोडलेल्या जागेत दुसरा शिरतो.

आता हे पाच डॉलरशी कसं जोडलेलं आहे ते पाहा. तिकीट स्वस्त ठेवायचं तर खर्च कमी हवा. मॅनेजर नाही, मकाय स्वतः फोन करून कार्यक्रम ठरवायचा. सामान व्हॅनमध्ये घालून स्वतः वाहायचे, मुक्काम ओळखीपाळखीच्या घरी. टी-शर्ट विकायचे नाहीत. सगळ्या वयांना प्रवेश हवा, म्हणून बारऐवजी चर्चचं तळघर, शाळेचा जिम, समाजमंदिरासारखे हॉल. अशा जागी आवाज घुमतो, भरगच्च संगीत तिथे नुसता गोंगाट होतं. मोकळ्या जागा सोडणारं संगीत तिथे टिकतं. रंगीत दिवे नाहीत, साधा पांढरा उजेड, म्हणून समोरच्यांचे चेहरे दिसायचे. गाण्यांची यादी ठरवलेली नसायची, एक गाणं संपताना कुणीतरी पुढच्याची खूण वाजवायचा आणि बाकीचे ओळखून धरायचे. चौघांनाही सतत एकमेकांकडे कान लावून राहावं लागायचं, आणि ते कान लावणं रेकॉर्डवरही ऐकू येतं.

चेहरे दिसत, म्हणूनच मारामारी करणाराही दिसायचा. मग गाणं थांबायचं. मकाय त्याच्याशी थेट बोलायचा, समजावायचा, आणि ऐकलं नाही तर पाच डॉलर परत देऊन बाहेर पाठवायचा. त्यासाठी नोटा पाकिटात घालून तयार असत. पन्नास डॉलरचं तिकीट असतं, तर हे इतक्या सहज झालं असतं का?

हे मला जिव्हारी लागण्याचं कारण आहे. कॉलेजात आमचाही बँड होता. एका आयोजकाने आम्हाला वाजवायला बोलावलं, हातात चाळीस तिकिटं दिली आणि सांगितलं, न खपलेल्या तिकिटांचे पैसे तुम्ही भरायचे. आम्ही भरले. त्या रात्री मी एकही स्वर मनापासून वाजवला नाही, सगळं लक्ष समोर किती माणसं आहेत हे मोजण्यात होतं. फुगाझीचा हिशेब वाचला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे वेगळ्या तऱ्हेने मांडता येतं.

डिस्कॉर्डच्या रेकॉर्डवर टपालखर्चासह किंमत छापलेली असायची, म्हणजे दुकानदाराने जास्त मागितले तर गिऱ्हाइकाला कळावं. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरही किंमत असते, त्यामुळे आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण रेकॉर्डच्या धंद्यात ती मोठी गोष्ट होती. नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्या अशा बँडमागे लागल्या. अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमत एर्तेगुन स्वतः भेटायला आले. फुगाझी गेला नाही. १९९३चा त्यांचा अल्बम तरीही बिलबोर्डच्या यादीत चढला.

पुढे नोकरीनिमित्त मी काही वर्षं उत्तर व्हर्जिनियात होतो. तिथल्या मराठी मंडळींचे शनिवार-रविवार गणेशोत्सवाच्या तयारीत आणि एकमेकांच्या घरी जेवायला जाण्यात जायचे, माझेही जायचे. पण एका उन्हाळ्यात मी संध्याकाळी सतरंजी घेऊन फोर्ट रेनोला गेलो. वॉशिंग्टन शहरातली ही सगळ्यात उंच जागा, आणि १९६८पासून तिथे उन्हाळ्यात फुकट कार्यक्रम होतात. फुगाझी तिथे वर्षानुवर्षं वाजला. गवताचा उतार, छोटासा मंच, फाटक नाही, तिकीट नाही. कुत्री घेऊन आलेले आजोबा, कलिंगडाच्या फोडी खाणारी लहान मुलं. मंचावर पंधरा-सोळा वर्षांच्या तीन मुली वाजवत होत्या. दोनदा चुकल्या, थांबल्या, पुन्हा सुरू केलं. उतारावरचा एकही माणूस हसला नाही. मी बराच वेळ त्यांच्या ड्रमवालीकडे बघत राहिलो.

आपल्या शहरात फुगाझीने जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम कुणाच्या तरी मदतीसाठी किंवा निषेधासाठी केला. १२ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्ध सुरू व्हायच्या पाच दिवस आधी, ते व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत पार्कमध्ये कडाक्याच्या थंडीत वाजले. शेवटचा कार्यक्रम ४ नोव्हेंबर २००२ला लंडनमध्ये झाला. बँड मोडल्याचं त्यांनी जाहीर केलं नाही, थांबलो आहोत एवढंच म्हणाले. त्यांच्या बहुतेक रेकॉर्ड्स ज्या इनर इअर स्टुडिओत झाल्या, त्याला २०२१मध्ये आपली इमारत सोडावी लागली.

पण त्यांचे ध्वनिसंयोजक सुरुवातीपासून कार्यक्रम टेपवर घेत होते. २०११पासून ती ध्वनिमुद्रणं लोकांसाठी खुली झाली आहेत, आठशेहून जास्त. एका कार्यक्रमाची सुचवलेली किंमत पाच डॉलर. त्यातलं एक ‘वेटिंग रूम’ मी आता लावतो. बेस येईल, मग बाकीचे येतील आणि मग सगळे थांबतील. स्टुडिओतल्या रेकॉर्डवर तिथे काहीच नाही. इथे मात्र ती जागा हॉलमधल्या माणसांनी भरून टाकली आहे. नीट ऐका.