पेटीतले बूट

जिना चढताना कठडा धरा, पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्यात. धोबीतलाव, मेट्रोच्या नाक्यापासून दोन मिनिटं. वर आलं की ही खोली, भिंतीला लागून नुसत्या पेट्या, प्रत्येकीला कुलूप, वर रंगाने नाव, आणि समोर ऑल्टर, म्हणजे ख्रिस्ती वेदी. हा कूड.

गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी काढलेला. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, बोट मिळेपर्यंत इथे राहायचे. पेटी ठेवली तेवढी जागा आपली, रात्री तिथेच चटई टाकायची. संध्याकाळची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकवायची नाही. बायकांना इथे राहायची मुभा नव्हती.

आता वर बघा, त्या फळीवरचे कप. महिनोन्‌महिने बोटीची वाट बघत बसलेली जवान पोरं, आणि रस्ता ओलांडला की आझाद मैदान, पलीकडे क्रॉस मैदान, मग दुसरं काय होणार! गावागावांच्या फुटबॉल टीम झाल्या, इंटर-व्हिलेज टुर्नामेंट झाल्या, तिकडे गोव्यातली खुन्नस इकडे मुंबईच्या पावसात, गुडघाभर चिखलात निघायची. जो पोरगा चमकला त्याला टाटा, रेल्वे अशा टीमवाल्यांपैकी कोणीतरी उचलायचे, खेळासाठी नोकरी, की बोट सुटली कायमची. कूपरेजवर, मुंबईच्या फुटबॉलच्या मोठ्या मैदानावर, खेळायला मिळालं म्हणजे तर घरी पत्र जायचं.

आणि हे सगळं चाललेलं तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे, 1961 पर्यंत. म्हणजे तिथून आलेला माणूस कागदावर परदेशातूनच आलेला. तरी 1 डिसेंबर 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं त्यातले तीन गोल कोणाचे? नेव्हिल डिसूझाचे. मुंबईत खेळणारा गोंयकार, म्हणजे गोव्याचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, मग आपण चार खाल्ले ते सोडा. भारत चौथा आला. आज कूपरेजच्या बाहेर उभं राहून दहा जणांना हे नाव विचारा. आम्ही विचारलं.

मुंबईतली फुटबॉल स्पर्धा, 1891 पासूनचा रोव्हर्स कप, 2001 नंतर झाला नाही, कंपन्यांच्या टीम एकेक करून बंद पडल्या, कूडही ओस पडत चाललेत.

ही शेवटची पेटी. चावी सापडायला इथल्या काकांना बराच वेळ लागला. वर चादर, खाली वर्तमानपत्र, त्याखाली बूट. चामड्याचे, तळाला खिळ्यांनी ठोकलेले स्टड, एक पडलेला. काका तो खिळा अंगठ्याने चाचपतायत.