घुर्ये सरांचा विभाग

साल १९१९. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. प्रमुख होते स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. त्यांच्या व्याख्यानांना मालवणचा एक तरुण येऊन बसायचा. शिक्षण संस्कृतचं, नाव गोविंद सदाशिव घुर्ये. त्यानं मुंबई शहरावर लिहिलेला निबंध गेडिसना इतका आवडला, की शिष्यवृत्तीसाठी त्यांनी त्याचंच नाव पुढे केलं.

केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन घुर्ये परतले आणि १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले. ते थेट १९५९ पर्यंत! आज बऱ्याच विद्यापीठांत ही खुर्ची तीन वर्षांनी फिरते. इतकी वर्षं एकाच माणसाची सत्ता म्हणजे विभाग गोठण्याचीच भीती जास्त. इथे मात्र उलटं घडलं.

घुर्ये स्वतः ग्रंथांत रमणारे, पण विद्यार्थ्यांना विषय द्यायचे गावातले, जातीतले, घरातले. इरावती कर्वे यांनी त्यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला. एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गच्या लोकांवर. पुणे-नगर रस्त्यावरच्या लोणीकंद गावाचा अभ्यास घुर्येंनी स्वतः केला. १८२० च्या सुमारास थॉमस कोट्स या ब्रिटिश डॉक्टरनं त्या गावाचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलं होतं. सव्वाशे वर्षांत तिथे काय बदललं, हे घुर्येंना पडताळायचं होतं.

त्यांची सगळीच मतं पचणारी नव्हती. आदिवासी म्हणजे 'मागासलेले हिंदू', असं त्यांनी १९४३ मध्ये मांडलं. आदिवासींमध्ये राहून त्यांचा अभ्यास करणाऱ्या व्हेरिअर एल्विन यांच्याशी त्यांचा वाद गाजला. आज तर ते वाचताना खटकतंच.

पण याच विभागात कामगार चळवळीतला एक मार्क्सवादी तरुण पीएच.डी.साठी आला. अ. र. देसाई. विषय, भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी. गुरूची विचारसरणी एका टोकाला, शिष्याची दुसऱ्या. तरी प्रबंध पुरा झाला, पुस्तक झालं, आणि ते आजही अभ्यासाला लावलं जातं.

श्रीनिवासही गुरूच्या वाटेवर राहिले नाहीत. ऑक्सफर्डला गेल्यावर त्यांनी गुरूची ग्रंथांवर भिस्त ठेवणारी पद्धत मागे टाकली. पुढे बडोदा आणि दिल्ली इथले समाजशास्त्र विभाग त्यांनी उभे केले. इरावतीबाईंनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला विभाग सांभाळला.

आणि मुंबईत घुर्येंच्या खुर्चीवर, काही वर्षांनी, देसाई बसले.