अवकाशाचा पैसा आणि बंदराचा हिशेब

(दापोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

‘चंद्रावर यानं कसली पाठवता, आधी आमच्या बंदरातला गाळ काढा,’ हे कोकणात कुठल्याही बंदरावर ऐकू येतं. राग खोटा नाही, पण तो भलत्या पत्त्यावर जातो. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सुमारे १३,४०० कोटी मिळाले आणि एकूण खर्च होता ५० लाख कोटींच्या वर. शंभर रुपयांतले सव्वीस-सत्तावीस पैसे. अमेरिकेनं अपोलो या चांद्रमोहिमेच्या भरात, १९६६ साली, सरकारी तिजोरीतल्या शंभरातले चार डॉलर नासाला दिले होते. तेव्हा चांद्रयान थांबवलं म्हणून गाळ निघणार नाही. तो का निघत नाही, हे आमदारांना विचारा.

माझं भांडण आहे ते या सव्वीस पैशांच्या आतल्या वाटणीशी.

आधी आपल्याला काय मिळतं ते बघू. ओशनसॅट मालिकेतले उपग्रह समुद्राच्या पाण्याचा रंग टिपतात. रंगावरून हरितद्रव्य कळतं, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ कुठे दाटलंय ते. जिथे गार आणि कोमट पाणी एकमेकांना भिडतं, तिथे हे शेवाळ वाढतं आणि त्याच्यामागे मासळी येते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था रंग आणि तापमान जुळवून सल्ला देते: अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीत. मराठीतही देते. अंदाजानं फिरण्यात जाळायचं डिझेल तांडेल वाचवतो. ढग आले की हे उपग्रह आंधळे होतात, पण जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते!

मासळीपेक्षा जीव मोठा. २००९च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी बोटी बाहेर होत्या. वादळ उपग्रहाला दिसतं. पण मोबाइलची रेंज किनारा सोडला की थोड्याच वेळात जाते, मग नाखव्याला सांगणार कोण? ऑगस्ट २०२४मध्ये पालघरला देशभरातल्या एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना सुरू झाली, खर्च सुमारे ३६० कोटी. बोटीवरून उपग्रहामार्फत संदेश जातो, येतो, संकटात हाक मारता येते. चांद्रयान-३ला सुमारे ६१५ कोटी लागले, त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त हा खर्च. मग तो इतक्या उशिरा का?

आता ‘नाविक’ घ्या, दिशा-ठिकाण सांगणारी आपली स्वतःची यंत्रणा. २००६ साली १,४२० कोटी मंजूर झाले. त्यासाठी सात उपग्रह लागतात. ठिकाण काढायला वेळ अचूक मोजावी लागते; त्यासाठी परदेशातून आणलेली अणुघड्याळं वर जाऊन एकेक करून बंद पडली. जानेवारी २०२५मध्ये ‘नाविक’चा नवा उपग्रह एनव्हीएस-०२ उडाला, पण झडप उघडली नाही आणि तो हव्या त्या कक्षेत पोचलाच नाही. २०२५च्या मध्यावर ठिकाण सांगू शकणारे उपग्रह उरले चार, आणि ठिकाण काढायला कमीत कमी चारच लागतात. माणूस अवकाशात पाठवायच्या गगनयान कार्यक्रमाची मंजुरी मात्र २०,१९३ कोटींवर गेली. चंद्रावर उतरलो की गावोगावी फटाके वाजतात. जुन्या उपग्रहाच्या जागी नवा गेला तर चौथ्या पानावर दोन ओळी. पैसाही त्याच वाटेनं जातो, अशी मला शंका आहे.

‘म्हणजे गगनयान बंद करायचं का?’ असं मागून कोणीतरी विचारलं. नाही. त्यातून येणारं तंत्र मला हवं आहे. पण ‘नाविक’चे सात उपग्रह पुरे करा, वर दोन राखीव ठेवा, आणि त्यांचा पैसा दरवर्षी वेगळा बांधून द्या, म्हणजे मोठ्या मोहिमेचा खर्च वाढला की यांच्या वाट्याला कात्री लागणार नाही.