आधी पेटी शोधायची, मग फुगा सोडायचा
(साताऱ्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

हवामानाचा फुगा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तो सोडतानाचा क्षण येतो. तो क्षण दोन मिनिटांचा. पुढे सेकंदाला साधारण 5 मीटर वेगानं फुगा चढतो, पावणेदोन तासांत 30 किलोमीटरच्या आसपास पोचतो. तिथं हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम एक टक्का. खाली दोन मीटर रुंद असलेला फुगा वर सात-आठ मीटरचा होतो आणि फुटतो. मग फुग्याखाली टांगलेली यंत्रांची पेटी पॅराशूटनं खाली येते. ती हातात आली तर प्रकल्प झाला. म्हणून आखणी मी शेवटाकडून करायला सांगतो.

पहिला प्रश्न, पेटी पडणार कुठं? पावसाळ्यात आपल्याकडे खाली वारा पश्चिमेचा, पण वर जोरदार पूर्वेचा. पेटी कोयनेच्या जंगलात नाही तर कोकणात जायची. हिवाळ्यात वरचा वारा बहुतेक पश्चिमेचा असतो. तो पेटी खटाव-माणकडे नेतो. तिकडचं रान मोकळं, माळ उघडा, लांबवर दिसतं. म्हणून जानेवारी धरा. कृष्णाकाठच्या उसात पेटी पडली, तर हाताच्या अंतरावर असूनही दिसत नाही. वाऱ्याचा अंदाज रोज बदलतो, त्यामुळे मार्गाचं गणित एका मुलानं आठवडाभर आधीपासून रोज सकाळी करायचं. हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी मात्र काही महिने आधी मागायची. ती नसेल तर फुगा सोडायचा नाही. यावर चर्चा नको.

आता मी स्वतः केलेली चूक सांगतो. आमच्या पहिल्या फुग्यात ट्रॅकर, म्हणजे पेटी कुठं आहे ते रेडिओवरून कळवणारं यंत्र होतं, नव्या बॅटऱ्या होत्या, थर्माकोलची पेटी उत्तम चिकटवली होती. ट्रॅकरचा स्विच चालू करायचा राहिला. पेटी बांधणाऱ्याला वाटलं रेडिओवाल्यानं केला, रेडिओवाल्याला वाटलं पेटीवाल्यानं. ती पेटी आजपर्यंत सापडलेली नाही. सहा महिन्यांची मेहनत होती त्यात, आणि त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून आमच्याकडे एकजण यादी मोठ्यानं वाचतो, दुसरा त्या वस्तूला हात लावून 'आहे' म्हणतो. हात लावल्याशिवाय 'आहे' म्हणायचं नाही. आणि 'थांबा' म्हणायचा हक्क सगळ्यांत लहान मुलालासुद्धा.

ट्रॅकर निवडताना दोन गोष्टी बघा. काही जीपीएस 18 किलोमीटरच्या वर काम करणं थांबवतात. आणि मोबाईलवर विसंबू नका, वर रेंज नसते. सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे 75-80 अंशांपर्यंत उतरतं. साध्या बॅटऱ्या तिथं मान टाकतात, लिथियमच्या घ्या.

गॅस भरणं ही मला सगळ्यांत आवडणारी पायरी. पहाटे करा, वारा पडलेला असतो. हातात सुती मोजे, कारण फुग्याचं रबर नखानंही जातं. समजा पेटी आणि पॅराशूट मिळून एक किलो, वर चढायला आणखी एक किलोची ओढ हवी. तर पाण्याची बाटली पाण्यासकट बरोबर दोन किलोची करायची आणि फुग्याच्या तोंडाला टांगायची. हेलियम सावकाश सोडत राहायचं. बाटली आधी जमिनीवर घट्ट बसलेली असते, मग हलकी होते, जरा डुलते आणि बुडाखालून हात जाईल इतकी उचलते. तिथं नळी बंद. फुगा स्वतः किलोभराचा असेल, तर एवढ्याला साधारण तीन घनमीटर हेलियम लागतो. घरचा ताणकाटा पुरतो, महागडं यंत्र लागत नाही.

पेटीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: 'हे विद्यार्थ्यांचं हवामानाचं यंत्र आहे. धोका नाही. कृपया फोन करा.' माणसं फोन करतात. पण शेतात शिरण्याआधी मालकाला विचारायचं, शाळू तुडवायचा नाही.

येत्या रविवारी फुगा न सोडताच शोधायचा सराव करू. मी पेटी लपवीन, ट्रॅकर चालू ठेवीन, तुम्ही तासाभरात ती आणायची. त्यासाठी जागा हवी. कोणाच्या शेतात ऊस उभा आहे? हात वर करा.