जहाय: वासांची क्रियापदं

(दृश्य: तेमेंगोर जलाशय, काठचं दाट रान)

उत्तर मलेशियातलं पेराक राज्य. तेमेंगोर जलाशय आणि बेलुमचं अरण्य यांच्या आसपास, शिवाय पूर्वेला केलांतानच्या जेली भागात, जहाय लोक राहतात. त्यांची भाषाही जहायच. ती बोलणारे हजाराच्या आसपास. मलाय द्वीपकल्पातल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ओरांग अस्लींच्या, अस्ली भाषांपैकी ही उत्तरेकडच्या शाखेतली. कुळ ऑस्ट्रोआशियाई. मेळघाटातली कोरकूही त्याच कुळातली, म्हणजे दूरची भावकीच.

मराठीत कुबट, खमंग, करपट असे वासाचे मोजके शब्द आहेत. ते पुरले नाहीत की आपण वस्तूचंच नाव घेतो: लिंबाचा वास, रॉकेलचा वास. जहायमध्ये वासाची डझनभर क्रियापदं आहेत आणि ती कुठल्याही एका वस्तूला बांधलेली नाहीत. पेट्रोल, धूर आणि वटवाघळाची विष्ठा, तिन्ही ‘च्ङेस’. जुनी झोपडी, अळंबी, शिळं अन्न हे सगळं ‘प्’उस’. चिरडलेली ऊ आणि खारीचं रक्त ‘प्ल’एङ’: वाघाला ओढून आणणारा रक्ताचा वास. हा शब्द उच्चारताना ‘ल’नंतर घसा क्षणभर बंद करायचा, तो थांबा म्हणजे एक पूर्ण व्यंजन आहे, गाळला तर शब्द मोडतो.

वासाला इथे सामाजिक वजनही आहे. भावाबहिणीने फार जवळ बसायचं नाही. दोघांचे वास मिसळणं हा अगम्यगमनाचाच, म्हणजे जवळच्या नात्यातल्या निषिद्ध संबंधाचाच, एक प्रकार मानतात.

(दृश्य: खरवडून हुंगायचे वासाचे तुकडे, शेजारी रंगांचे नमुने)

आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट या भाषा-संशोधकांनी २०१४मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १० जहाय भाषिक, १० इंग्रजी भाषिक. प्रत्येकाला दालचिनी, टर्पेंटाइन, कांदा असे १२ वास हुंगायला दिले आणि रंगांचे ८० नमुने दाखवले. प्रश्न एकच: हा कसा आहे? रंग इंग्रजी भाषिकांनी झटपट सांगितले. वासापाशी मात्र ते अडखळले, लांबलचक वर्णनं करत राहिले, आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. जहाय भाषिकांनी वासही रंगाइतक्याच सहज, एकेका शब्दात सांगितले. टर्पेंटाइन काही त्यांच्या रानातलं नव्हे, तरी शब्द अडला नाही. भाषेचं हे बळ मला फार मोलाचं वाटतं.

मग हे बळ भाषाकुळाचं की जगण्याचं? २०१८मध्ये मजीद आणि निकोल क्रुस्पे यांनी दोन शेजारी समाज तपासले: शिकार आणि कंदमुळांवर जगणारे समक बेरी, आणि फिरती भातशेती करणारे समलाई. भाषा एकाच दक्षिणी अस्ली शाखेतल्या, रान सारखंच. समक बेरींना वास रंगांइतकेच सोपे गेले. समलाईंना नाही.

(दृश्य: रस्त्याकाठची पुनर्वसन वस्ती)

१९७०च्या दशकात तेमेंगोरचं धरण झालं, नदीकाठचं रान बुडालं. १९८२मध्ये गेरिक ते जेली महामार्ग खुला झाला. बरेच जहाय आता वसाहतींत राहतात; शाळेची भाषा मलाय आहे. रानातलं जाणं-येणं कमी झालं की ‘प्ल’एङ’सारखे शब्द धोक्यात येऊ शकतात, कारण खारीचं ताजं रक्त आणि वाघाची धास्ती दोन्ही रानातच असतात.