सरगमचा प्रबंध

श्रोतेहो, नमस्कार.

गाणाऱ्यानं गावं आणि शास्त्र पंडितांवर सोपवावं, ही वाटणी आपल्याकडे फार जुनी. पंडित भातखंडे पेशानं वकील. त्यांनी गावोगाव हिंडून बंदिशी जमवल्या, राग दहा थाटांत, म्हणजे स्वरांवरून पाडलेल्या दहा गटांत, बसवले. पण मैफल रंगवणारे गवई म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही. दुसरीकडे एकाहून एक दिग्गज खाँसाहेब. त्यांना 'हे असंच का?' विचारायची सोय नव्हती. उस्तादांनी शिकवलं म्हणून, संपला विषय!

गायिका डॉ. प्रभा अत्रे यांनी ही वाटणी मानली नाही. जन्म पुण्यातला, 1932चा. फर्ग्युसनमध्ये विज्ञान शिकल्या, आयएलएसमध्ये कायदा. घरात गाण्याची परंपरा नव्हती. आईची प्रकृती बरी नसायची, म्हणून मन रमवायला आईनं गाणं शिकायला घेतलं. आईचं ते लवकरच सुटलं, लेकीला मात्र जन्मभर पुरलं. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांची तालीम मिळाली. कायदा शिकलेल्या बाईला 'परंपरा आहे म्हणून' एवढ्या उत्तरावर गप्प बसवणं अवघडच गेलं असणार, असं आपलं मला वाटतं.

डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला सरगम, म्हणजे सा, रे, ग, म अशी स्वरांची नावंच घेत गाणं. आता यात गंमत अशी, की सरगम हा त्यांच्या स्वतःच्या गाण्यातला वादाचा मुद्दा होता. ख्यालात, म्हणजे रागदारी मैफलीच्या मुख्य गायनात, सरगम घेणं कित्येक जाणकारांना खपत नसे. त्यांचं म्हणणं असं, की सारेगम ही शिकवणीच्या खोलीतली गोष्ट. मैफलीत स्वरांची नावं घेत बसलात तर रागाचा भाव जातो आणि उरतं ते व्याकरण. तसं पाहिलं तर किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब सरगम घेत. दक्षिणेच्या कर्नाटक संगीतात तर कल्पनास्वर, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तशी सरगम, हे मैफलीचं अंगच आहे. तरी उत्तरेत नाकं मुरडली जायचीच.

प्रभाताईंनी यावर नुसतं 'मला आवडतं' असं म्हटलं नाही. सरगमनं गाण्यात नेमकं काय घडतं, ते त्या तपासत गेल्या. आता तुम्हीच मनात गुणगुणून बघा. आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, तान घेतली की आवाज सलग वाहतो. तीच तान सरगमनं घेतली की 'ग', 'प', 'ध' ही व्यंजनं प्रत्येक स्वराला हलकासा आघात देतात. लय कानाला वेगळी लागते, तबल्याशी बोलणं वेगळं होतं. बंदिशीच्या शब्दांसारखा अर्थाचा भारही या अक्षरांवर नसतो, त्यामुळे त्यांना हवं तसं लांबवता येतं, तोडता येतं. स्वर आणि त्याचं नाव गळ्यात एकजीव झालं असेल, तर सरगमसुद्धा भाव पोचवू शकते, ही त्यांची भूमिका. त्यांनी ती लिहून मांडली आणि गाऊनही दाखवली. मला वाटतं, दुसऱ्या बाजूच्या लोकांना लिहिण्यापेक्षा गाण्यानंच जास्त अडचणीत आणलं.

रागाच्या वेळेबद्दलही त्या अशाच बोलल्या. वादी, म्हणजे रागातला प्रमुख स्वर, सप्तकाच्या पूर्वांगात म्हणजे खालच्या अर्ध्यात की उत्तरांगात म्हणजे वरच्या अर्ध्यात, यावरून रागाची वेळ ठरवायची पद्धत त्यांना शास्त्रीय कसोटीवर टिकणारी वाटली नाही. सवयीनं जुळलेलं नातं, असं त्या मानत. हे मी रेडिओवरून सांगतोय, जिथं भैरव हा सकाळचा राग सकाळीच लागतो! आणि प्रभाताई स्वतः काही वर्षं आकाशवाणीत नोकरीला होत्या. मला स्वतःला संध्याकाळी भैरव नाही हो रुचत. पण 'नाही रुचत' हा पुरावा होत नाही, हे त्यांच्यामुळे कबूल करावं लागतं.

आकाशवाणीनंतर प्राध्यापकी. 1979 ते 1992 त्या मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. शिकवणं, 'स्वरमयी'सारखं लेखन, नव्या बंदिशी, अपूर्व कल्याण, मधुरकंससारखे नवे राग, आणि मैफली चालूच. हे जमलं कसं? माझ्या मते, प्रश्न रियाजातून उठलेला होता, म्हणून उत्तर परत रियाजातच गेलं. आज संगीतात पीएचडी करणारे पुष्कळ आहेत. पण नोकरीसाठी पदवी हवी म्हणून मार्गदर्शकानं सुचवलेला विषय घ्यायचा, प्रबंध बांधून कपाटात ठेवायचा आणि गाणं होतं तिथंच, असंही फार दिसतं. त्यात दोन्हीकडचा वेळ जातो.

पद्मविभूषण मिळालं ते 2022 साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर. 13 जानेवारी 2024 रोजी त्या गेल्या. तोवर गाणं थांबलेलं नव्हतं.

त्यांच्या मारुबिहाग आणि कलावती या रागांच्या ध्वनिमुद्रिका सहज मिळतात. कलावती आधी ऐका. या रागात रिषभ नाही, मध्यम नाही. सा, ग, प, ध आणि कोमल नि, एवढंच भांडवल. पाच अक्षरांत सरगम किती फिरते, ते बघा. आणि तरीही सरगम नकोशी वाटली, तर का नकोशी वाटली तेवढं आम्हाला पत्रानं जरूर कळवा. नमस्कार.