खिडकी कुणी आखली?

(दृश्य: नौपाड्यातल्या एका घरातलं जेवणाचं टेबल. त्यावर पसरलेले मोठे फोटो.)

फोटो अमेरिकेतल्या जुन्या, बंद पडलेल्या मनोरुग्णालयांचे, बघणाऱ्या बाई ठाण्याच्या. मनोरुग्णांच्या वॉर्डांत सिस्टर म्हणून उभी हयात गेली, आता निवृत्त आहेत.

पहिला फोटो. लांबच लांब बोळ, भिंतीवरून सुटलेले रंगाचे पोपडे, मधोमध रिकामी चाकाची खुर्ची. असल्या फोटोखाली लोक हमखास भुताची गोष्ट लिहितात. बाईंनी फोटो चष्म्याजवळ नेला आणि विचारलं, "दोन्ही बाजूंना खोल्याच खोल्या. मग एवढा उजेड येतोय कुठनं?"

उजेड येतोय नकाशातून. फिलाडेल्फियाचे डॉक्टर थॉमस किर्कब्राइड यांनी 1854 साली वेड्यांची इस्पितळं कशी बांधावीत यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मध्ये कचेरी, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. प्रत्येक वॉर्ड शेजारच्या वॉर्डापेक्षा थोडा मागे सरकवलेला, पंख पसरलेल्या वटवाघळासारखा. वॉर्ड असा सरकला की बोळाचं टोक मोकळं होतं, तिथे खिडकी बसते, वारा आरपार जातो. शांत रुग्ण मध्याजवळ, आरडाओरडा करणारे टोकाला. खिडक्यांच्या चौकटी लोखंडी, पण दिसायला लाकडी. तुरुंगाचे गज डोळ्यांत खुपायला नकोत. गावाबाहेर किमान 100 एकर जमीन, शेत, बाग. रुग्ण 250 च्या वर नकोत. औषधं जवळजवळ नव्हतीच त्या काळात. इमारत हाच उपचार, असं हा माणूस मनापासून मानत होता.

(दृश्य: दगडी इमारत, घड्याळाचा मनोरा.)

हे वेस्ट व्हर्जिनियातल्या वेस्टनचं मनोरुग्णालय, किर्कब्राइडच्याच नकाशावरचं. काम 1858 ला सुरू झालं, मध्ये यादवी युद्ध आलं, संपायला 1881 उजाडलं. दगड हातांनी घडवलेला. कडेचा घाट बघा, कॅमेरा मुद्दाम तिथे थांबवलाय. 250 जणांसाठी बांधलेल्या या वास्तूत 1950 च्या दशकात 2,400 माणसं होती. 1994 ला ती बंद पडली. आता तिकीट काढून भुतं बघायला मिळतात.

पुढचा फोटो मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्सचा. टेकडीवरची विटांची इमारत, 1878 ची. 2006 मध्ये बरीचशी पाडली, दर्शनी भाग तेवढा ठेवला आणि मागे फ्लॅट उभे राहिले. ठाणेकरांना हे समजावून सांगायला नको.

1950 च्या दशकात नवी औषधं आली, मग धोरणं बदलली, वॉर्ड रिकामे झाले; कुणी घरी गेलं, कुणी रस्त्यावर, कुणी तुरुंगात.

(दृश्य: माळ्यावरच्या सुटकेसेस. इथे निवेदन नाही.)

(दृश्य: बाईंचे हात.)

न्यूयॉर्क राज्यातलं विलार्ड मनोरुग्णालय. 1995 साली बंद होताना माळ्यावर 400 च्या आसपास सुटकेसेस सापडल्या, रुग्णांनी येताना आणलेल्या.

(दृश्य: लोकलच्या दारातून दिसणारी झाडी आणि भिंत.)

आणि हे आपलं ठाणे. "ह्याला ठाण्याला पाठवा" ही चेष्टा महाराष्ट्रात कुणी ऐकली नाही? मनोरुग्णालय 1901 पासूनचं. ते ओसाड नाही, चालू आहे. आत माणसं राहतात, म्हणून कॅमेरा भिंतीपाशीच थांबला. ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन याच जागेवर येतंय. गर्दीला स्टेशन हवं, रुग्णांना चांगल्या इमारती हव्यात, यात वाद नाही. पण जुनं काही पाडायचंच असेल, तर आधी टेप लावून मोजा, कागदावर उतरवा, फोटो काढा. वेस्टनच्या खिडकीबद्दल आपण इतकं बोलू शकलो, कारण कुणीतरी तिचा हिशेब लिहून ठेवला होता. आपल्या खिडक्या कुणी लिहिल्यात?

(दृश्य: पुन्हा टेबल.)

हा प्रश्न आम्ही बाईंना विचारलाच नव्हता. कॅमेरा बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं केलं आणि आपला जुना वॉर्ड काढायला घेतला. इथे दार, इथे औषधांचं कपाट, रात्रपाळीची खुर्ची भिंतीला टेकून, म्हणजे दोन्ही रांगा दिसतात. खाटा मोजताना त्या दोनदा चुकल्या. पेन खाली ठेवलं आणि परत उचललं. न्हाणीघराची खिडकी राहिली होती.